डाव्या मिस्त्रीचा पेला

सबनीस डॉक्टरांनी पिशवीतून आधी एक जुना टॉवेल काढला, चौघडी करून आमच्या टेबलावर पसरला आणि मग रुमालात बांधलेली वस्तू त्यावर अलगद ठेवली. रुमालाला दोन गाठी होत्या. त्या सोडायला त्यांनी एवढा वेळ घेतला की मी मनात म्हटलं, बाळंतपण आहे की काय हे! रविवार होता. सहा दिवस पोस्टात शिक्के मारून माझा उजवा खांदा भरून आला होता. धुणं भिजत पडलेलं, दळण आणायचं राहिलेलं, आणि हा पुण्याचा माणूस आमच्या घरात बसून गाठी सोडत होता. बरं, बोलावलं मीच होतं. बोलणार कुणाला?

हे एकोणीसशे त्र्याण्णव सालचं. आता मी पंचाहत्तरी ओलांडली, पण त्या सकाळचं सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधलं, कृष्णाकाठचं. एके काळी तिथं काचेचा कारखाना होता. कंदिलाच्या काचा, बरण्या, पेले, फुलदाण्या, सगळं व्हायचं. माझे वडील, केरबा पांचाळ, त्या कारखान्यात लोखंडी साचे कोरायचे. मी त्यांना आबा म्हणायची. त्या वर्षी आबा एकोणऐंशीचे होते, एका डोळ्यानं अंधुक दिसायचं आणि दुसऱ्यानं तेवढंही नाही. माझी आई हौसा जाऊन नऊ वर्षं झाली होती. भाऊ नाही. लग्न मी केलं नाही, का केलं नाही ते सोडा. घरात आम्ही दोघं, आणि दोघंही कंटाळलेले.

डॉक्टर शुक्रवारी पोस्टाच्या खिडकीशी आले होते. तिकीट नको, पाकीट नको. जुन्या कारखान्यात साच्याचं काम केलेलं कुणी हयात आहे का, एवढंच विचारत होते. माझ्या हातात शिक्का होता, मागं रांग होती, आणि मी पटकन बोलून गेले की माझे वडील आहेत, रविवारी या. म्हातारा माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतो, कुणी त्याच्या कामाचे दोन शब्द विचारले तर बरं वाटेल, एवढाच माझा हेतू.

त्यात रविवारी सकाळी आबांच्या हातून चहाची कपबशी पडली. नवी कपबशी. मी फरशी पुसताना म्हणाले, "एक काम सरळ होत नाही तुमच्याकडून. आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं." आबांनी नुसते पाय वर घेतले. ते कधीच काही बोलायचे नाहीत. मला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायलाही अंगात जीव लागतो, तो माझ्यात नव्हता.

डॉक्टर डोळ्यांचे. दवाखाना बंद करून चार वर्षं झालेली, आणि आता एकच नाद, जुनी रंगीत झळाळीची काच गोळा करण्याचा. रॉकेल सांडलेल्या ठिकाणी पाणी पडलं की जांभळे, सोनेरी, हिरवे रंग उठतात ना, तसे रंग त्या काचेवर असतात. आमच्या कारखान्यात त्याला तेलपाण्याचा माल म्हणत. साच्यातून निघालेला पेला लालबुंद असतानाच त्यावर धातूच्या क्षाराचं पाणी फवारायचं, की झळाळी बसली. डॉक्टर म्हणाले, जाणकार त्याला कार्निव्हल ग्लास म्हणतात, कारण अमेरिकेत ही भांडी जत्रेत रिंग टाकून जिंकायला ठेवत. आबा खाटेवर बसून ऐकत होते. आपण ज्याला तेलपाणी म्हणत होतो ते तिकडंही जत्रेचंच निघालं, याची त्यांना गंमत वाटली असावी. ते किंचित हसले. म्हटलं, चला, बोलावल्याचं चीज झालं.

डॉक्टरांकडं अशी तीनशेच्या वर भांडी होती आणि प्रत्येकाची नोंद एका जाड वहीत. ओळखायचं कसं तेही त्यांनी सांगितलं. बुडाला फवारा लागत नाही, म्हणून बूड उजेडाकडं धरायचं, मूळ काचेचा रंग तिथं दिसतो. मग कडेनं बोट फिरवून जोडाच्या रेषा मोजायच्या, म्हणजे साचा दोन पाकळ्यांचा, म्हणजे दोन तुकड्यांचा, की तीन ते कळतं. आणि मग नक्षी. नक्षी ही साचेवाल्याची सही, असं ते म्हणाले. आबा म्हणाले, "आमचा तीन पाकळ्यांचा आसायचा." डॉक्टरांनी लगेच ते लिहून घेतलं.

आणि मग शेवटची गाठ सुटली.

झेंडूच्या रंगाचा पेला होता. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि टेबलावर जांभळी-हिरवी झाक पसरली. तिन्ही बाजूंना वेलीच्या गोल चौकटीत एकच बाई, समोर तोंड करून उभी, एका हातात औक्षणाचं तबक, तबकात निरांजन. तबक तिच्या डाव्या हातात होतं.

तो पेला मी जन्मात पाहिला नव्हता, पण मला तो आईच्या नावाइतका पाठ होता. गावात कुणाला पाठ नव्हता?

मी चार वर्षांची असताना कारखान्यानं रुखवतासाठी म्हणून हे पेले काढले. रुखवत म्हणजे लग्नात मुलीकडचे मांडतात ती हौसेची मांडणी, तिथं असल्या वस्तूंना मोठी मागणी. औक्षण करणारी बाई, म्हणजे शकुनाची नक्षी. साचा आबांनी कोरला. दसऱ्याला माल बाजारात गेला आणि दिवाळीच्या आत सगळाच्या सगळा परत आला. डाव्या हातानं ओवाळणारी बाई लग्नघरात कोण ठेवून घेईल? व्यापाऱ्यांनी पेट्या कारखान्याच्या दारात आणून टाकल्या. साचा उलटा कोरायचा असतो, तेव्हा काचेवर सुलटं येतं. केरबा मिस्त्री उलटं कोरायला विसरला, असं ठरलं. मालकानं तो सगळा माल आबांच्याच हातानं फोडायला लावला. चुरा पुन्हा भट्टीत गेला, आणि आबा साच्यावरून पेंढ्यावर गेले. म्हणजे तयार माल पेंढ्यात गुंडाळून पेट्या भरायच्या. ते काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं. हातोडी-छिन्नीला पुन्हा हात लावला नाही.

गाव त्यांना डावा मिस्त्री म्हणायला लागलं. मी शाळेत डाव्या मिस्त्रीची पोर. आणि आई, भांडण कशाचंही असो, शेवटी तिथंच यायची. एक पेला सरळ कोरता आला नाही तुम्हाला, म्हणायची. आबा उठून बाहेर जायचे.

तर तो पेला आता आमच्या टेबलावर होता. एवढ्या मालातून हा एक कसा सुटला देव जाणे. डॉक्टरांना तो पुण्यात, जुन्या बाजारात मिळालेला, आणि असा दुसरा पेला कुणी पाहिलेला नाही असं ते अभिमानानं सांगत होते. वहीत त्यांनी नक्षीला नाव दिलं होतं, 'डावखुरी बाई'. त्यांचा तर्कही तयार होता. हा पेला बाहेरच्या देशातून आपल्याकडच्या बाजारासाठी करून आलेला असणार. तिकडच्या कारागिराला आपल्या चालीरीती काय ठाऊक! घरात दिवाळीला औक्षण पाहिलेल्या माणसाकडून ही गोष्ट होणंच शक्य नाही. त्यांना आबांकडून एवढंच ऐकायचं होतं की असला माल इथं झाला नव्हता. मग ते निर्धास्तपणे 'परदेशी' लिहिणार होते.

मी आबांकडं पाहिलं. त्यांना पेला नीट दिसत नव्हता, पण बोलणं ऐकू येत होतं. चेहऱ्यावर काही नाही. आणि मला एकदम वाटलं, हे तर फार बरं झालं. बेचाळीस वर्षांचा हा कलंक कुणीतरी उचलून परदेशात नेऊन टाकतंय, टाकू दे. वहीत एकदा लिहिलं की लिहिलं. म्हाताऱ्याच्या मागची पीडा जाईल. मी म्हणाले, "नाही हो डॉक्टर, असलं काही इथं होत नव्हतं."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात आबांनी हात पुढं केला. डॉक्टरांनी घाबरून पेला आपणच उचलून त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि खाली स्वतःचे हात धरून ठेवले. आबांनी तो फिरवला. जोडाची रेषा लागली, तिथून दोन बोटं सरकून त्यांचा अंगठा त्या बाईच्या वर केलेल्या हातावर जाऊन थांबला. शोधावं लागलं नाही त्यांना.

"परदेशी लिवू नका," ते म्हणाले. "साचा माझा हाय."

झालं! मी कपाळावर हात मारला नाही एवढंच. डॉक्टर एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मग निदान मीच नीट सांगावं म्हणून मी पुढं झाले. साचा उलटा कोरायचा असतो, आमच्या पोस्टाच्या शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात तशी, हे सांगितलं. माणूस कामानं थकलेला असतो, एखाद्या वेळी विसरतो, तसे हे विसरले आणि उजवा हात डावा होऊन बसला, हेही सांगितलं. फार भोगलं त्यांनी त्यापायी, तुम्ही एवढं मनावर घेऊ नका, असंही म्हणाले. जसं काही डॉक्टरच माल परत करायला आले होते.

डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं, पेला परत टॉवेलवर ठेवला आणि खाली वाकून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता हे आबांना चार शब्द सुनावणार.

"बाई," ते म्हणाले, "सगळंच उलटं झालं असतं, तर पदर कुठं यायला हवा होता?"

मला कळेना.

"पदर डाव्या खांद्यावरच आहे. नथ डाव्या नाकपुडीत आहे. साचा उलटा कोरायला विसरले असते, तर तेही सगळं उजवीकडं गेलं असतं." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हा साचा अगदी बरोबर कोरलाय. फक्त तबक डाव्या हातात आहे."

मी वाकले. पदर डाव्या खांद्यावरच होता. बेचाळीस वर्षं सगळं गाव त्या एका हाताचंच बोलत होतं, पदराकडं कुणी बघितलंच नव्हतं. आणि बघणार कसं, बघायला पेला कुणी शिल्लक ठेवला होता? मी भिंग जरा खाली सरकवलं आणि मला बांगड्या दिसल्या. बाईच्या उजव्या हातात मनगटापासून बांगड्यांची भरगच्च ओळ होती. तबक धरलेल्या डाव्या हातात दोनच होत्या. सुट्या सुट्या, दोन.

मी भिंग खाली ठेवलं.

डाव्या हातात दोनच बांगड्या माझ्या आईच्या असायच्या. आई डावरी. दळण, धुणं, खुरपणं, सगळं डाव्या हातानं, म्हणून त्या हातातल्या बांगड्या टिकायच्याच नाहीत. कासार दर वेळी दोन्ही हात भरून जायचा आणि आठ दिवसांत डाव्या हातात दोन उरायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला तिनं आबांना ओवाळायला डाव्या हातानं तबक उचललं, तेव्हा आजीनं चार बायकांदेखत ते तिच्या हातातून ओढून घेतलं होतं. पुन्हा कधी तिनं कुणाला ओवाळलं नाही. दर पाडव्याला आजी ओवाळायची आणि आई चुलीपुढं बसायची. हे आईनंच मला सांगितलं होतं, माझा हात बांधताना. कारण मीही तिच्यावरच गेलेली. चार वर्षांची होईपर्यंत मी सगळं डाव्या हातानं करायची. मग तिनं चिंधीनं माझा डावा हात कमरेला बांधला आणि वर्षभर बांधून ठेवला. माझ्यासारखं तुझं नको व्हायला, म्हणाली होती. तो उजवा हातच मी बावीस वर्षं पोस्टात वापरत होते आणि रोज संध्याकाळी त्याला तेल चोळत होते.

"आबा," मी म्हणाले, "ही आई आहे."

आबांनी मान हलवली.

"मुद्दाम केलं तुम्ही?"

"मुद्दाम काय त्यात? ती हुती तशी कोरली." मग म्हणाले, "लई दिवस मनात हुतं. घरात तर तिला कुणी तबक धरू देईना. म्हणलं, हितं तरी धरू दे."

मग बाकीचं त्यांनी हळूहळू सांगितलं, मध्ये मध्ये दम खात. माल परत आला तेव्हा मालक ओरडत होता, आणि कुणीतरी म्हणालं की उलटं कोरायला विसरला. आबा हो म्हणाले. त्यांना ते आयतंच मिळालं. खरं सांगितलं असतं तर विचारणं आलं असतं, डावरी बाई सुचली कुठून तुला? गावात डावरी बाई कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. कारखान्याचा अख्खा हंगाम बुडाला तो हिच्या हातानं, असं झालं असतं.

"चूक म्हणलं की माझ्यापुरतं ऱ्हातंय," आबा म्हणाले. "तिचं नाव निघालं आसतं, तर तिला जगू दिलं आसतं का कुणी?"

"पण आईला तरी सांगायचं. ती तुम्हाला जन्मभर बोलत राहिली."

"पाडव्याला पयला पेला आणून तिच्या हातात देणार हुतो. त्याच्या आधीच पेट्या माघारी आल्या. मग काय सांगायचं? तुझ्यापायी माझं काम गेलं म्हणून?" त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. त्यांचे डोळे तसेही पाणावलेलेच असायचे. "बोलंना का. तिला तरी बोलायला दुसरं कोण हुतं?"

मला सकाळची कपबशी आठवली. तोंडानं जे बोलले होते ते परत गिळता आलं असतं तर मी त्या क्षणी गिळलं असतं. मी नुसती खाटेच्या कडेला जाऊन बसले. मला रडू आलं ते मी आवरलं नाही.

डॉक्टर बिचारे वही उघडी टाकून बसले होते. त्यांनी पेन घेतलं, 'परदेशी' हा शब्द खोडला आणि आबांना विचारलं की कारागीर म्हणून आपलं नाव लिहू का. आबा म्हणाले, "लिवा. पर खाली चूक म्हणून लिवू नका."

"नाही लिहिणार. आणि नक्षीचं नाव? ते बदलायचं का?"

"काय ठेवलंय तुमी?"

"डावखुरी बाई."

आबांनी जरा विचार केला. "ऱ्हाऊ दे तेच," म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. केरबा पांचाळ, तीन पाकळ्यांचा साचा, झेंडू रंग. आमच्या घरातल्या कुणाचं नाव असं शाईनं कुठल्या वहीत, चांगल्या कारणानं लिहिलेलं, मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग ते उठले आणि रुमाल पसरून पेला बांधायला घेतला. तेव्हा आबा म्हणाले, "डागदर, जरा थांबा. मला तहान लागलीया. त्यातनं पाणी मिळंल का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. एकमेव पेला, म्हाताऱ्याचे थरथरते हात, आणि सकाळीच कपबशी फुटलेली हे त्यांना ठाऊक नव्हतं हे बरं. पण माणूस मोठ्या मनाचा. माझ्याकडं वळून म्हणाले, "नुसत्या पाण्यानं विसळा. राख, चिंच, काही लावू नका." आणि खाली बसले.

मी पेला विसळला. माठातलं पाणी भरलं. तोवर मी तो उजव्याच हातात धरला होता, सवयीनं. माठाशी उभी राहून मी तो डाव्या हातात घेतला. त्या हाताला असं काही धरायची सवय नव्हती, म्हणून जपून, एकेक पाऊल टाकत आले. लहानपणापासून ऐकलेलं, डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, वडीलधाऱ्या माणसाला तर नाहीच. मी आबांच्या पुढं उभी राहिले आणि तसाच हात पुढं केला.

आबांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपडत पेला घेताना माझं मनगट धरलं, अंगठ्यानं जरा दाबून पाहिलं, आणि हात कुठला ते त्यांना कळलं. ते रागावतील असं मला क्षणभर वाटलं. त्यांनी घोट घोट करत सगळं पाणी पिऊन टाकलं. तोपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.

"हौसा बी आसंच द्यायची," ते म्हणाले. "घरात कुणी नसलं की."